पाठ, कूस आणि एक पदर टेप

नानांचा वस्तरा माझा आहे, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. वापरायला नव्हे, हक्कानं. नाना म्हणजे माझे वडील. वसमतला कचेरीत कारकून होते. शनिवार सोडून रोज सकाळी मिटता-उघडता वस्तरा घेऊन ते स्वतःची दाढी स्वतः करायचे. न्हाव्याकडे फक्त केस कापायला जायचे. त्या वेळी भावाचं काम गरम पाणी आणायचं. माझं काम मोठं होतं. चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवलेला असायचा, त्याचं दुसरं टोक मी ताणून धरायचे आणि नाना त्यावर वस्तरा फिरवायचे. एकदा माझ्याऐवजी भावाला बोलावलं, तर त्यानं मध्येच पट्टा ढिला सोडला आणि पात्यानं चामड्यात चर पाडली. ती चर अजून दिसते. तिच्याकडे बघून मला अजून बरं वाटतं.

वस्तऱ्याची भाषा नाना फक्त माझ्याशी बोलायचे. पात्याची जाड बाजू म्हणजे पाठ. निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पातं आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात. पाठ उचलली की कोन बिघडला, धार गोल झाली. पातं उलटायचं तेही पाठीवरून, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. धारेवरून उलटलं की केलेलं सगळं वाया. "पाठ सोडू नको," नाना म्हणायचे. "हं. आता कूस." शाळेत असताना मला गणितातल्या कोनांपेक्षा हा कोन आधी कळला.

लग्नानंतर मी हिंगोलीला आले. एका शाळेच्या कार्यालयात काम करते. सगळं वेळेवर आणि लिहून करायची मला सवय आहे. किराणा, गॅसची टाकी, लग्नकार्यातले आहेर, सगळ्याच्या याद्या असतात. नानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा दवाखान्यातून घरी आणल्या दिवशी मी औषधांची यादी करून वसमतच्या फ्रिजवर चिकटवली. वहिनीनं ती वाचली आणि म्हणाली, "वन्सं यादी लावून जाऊन राहिल्या. आता औषध पाजायला यादीच उठंल सकाळी."

वहिनी कुरुंद्याची. शेतकऱ्याच्या घरातली, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. बोलली की स्वतःच आधी हसते, त्यामुळे आपल्याला रागावताही येत नाही. भाऊ दिवसभर हळदीच्या अडतीवर असतो. नानांचं उठवणं, बसवणं, भरवणं वहिनीकडे. मी रविवारी येणार, चार गोष्टी सुधारून जाणार. कामाची वाटणी म्हणून हे बराबर होतं. पण एका रविवारी नानांनी पाणी मागितलं ते तिच्या नावानं, आणि पेला माझ्या हातात होता.

तेव्हापासून मला वस्तरा आठवायला लागला.

नानांची दाढी वाढली होती. भावानं एक बॅटरीचं मशीन आणलं, पण ते खुंट ठेवायचं आणि नाना डाव्या हातानं गाल चाचपून तोंड फिरवायचे. घरी न्हावी बोलावला. त्यानं अर्धं ब्लेड लावायचा वस्तरा काढताच नानांनी ओठ मिटून घेतले. "माझा," एवढंच म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झालेत, पण कमी शब्दांत काम करायची सवय त्यांना आधीपासूनच आहे.

"मी करते," मी म्हटलं. कुणी हरकत घेतली नाही. वहिनी म्हणाली, "करा बाई. मला तर बघूनच भ्या वाटतं त्याचं." हे ऐकून मला किती आनंद झाला, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

धार मात्र गेलेली होती. आणि मला पट्टा धरता येत होता, कोन कळत होता, पण निसण्यावर माझा हात कधी चाललेला नव्हता. नानांनी मला दाखवलं सगळं, करू काही दिलं नव्हतं. त्यात आणखी एक अडचण निघाली. नाना इतकी वर्षं पाठीवर जोर देऊन धार लावत आले, त्यामुळे पाठच झिजून सपाट झाली होती. पाठ झिजली की पातं दगडावर जास्तच आडवं पडतं, धार नको तितकी पातळ होते आणि दाढीच्या पहिल्या केसालाच मोडते. म्हणजे पाठ थोडी उंच करायला हवी होती. थोडी म्हणजे किती, हा प्रश्न.

नानांच्या वस्तऱ्यावर प्रयोग करायचे नव्हते. आठवडी बाजारात जुन्या लोखंडी सामानात एक गंजका वस्तरा मिळाला, तो घासूनपुसून सरावाला घेतला. ओट्यावर निसणा ठेवला, खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही. आणि एकेक गोष्ट पाठीखाली लावून बघितली. नाणं ठेवलं, ते दुसऱ्या फेरीला निसटलं. खराट्याची काडी चिरून तिच्या खाचेत पाठ बसवली. दिसायला छान, पण काडी गोल, त्यामुळे पातं डुलायला लागलं. कागदांना लावतो तो काळा चिमटा लावला, त्यानं दगडावर ओरखडे काढले. मग कार्यालयात एक दिवस पारदर्शक फाईल हातात आली. तिच्या कडेला कागद धरून ठेवणारी प्लास्टिकची सरकपट्टी असते. ती काढून पात्याएवढी कापली आणि पाठीवर सरकवली. टोपी घातल्यासारखी बसली! न डुलता, न निसटता, दोन्ही बाजूंना सारखी. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की घरच्यांना पुरणपोळी केली आणि कारण सांगितलं नाही.

त्या रविवारी सरकपट्टी लावून नानांच्या वस्तऱ्याला धार लावली, पट्ट्यावर फिरवला आणि गालाला साबण लावून पहिला हात ओढला. नानांचा डावा डोळा मिटला. दुसरा हात ओढला.

"ओढतोय," नाना म्हणाले.

"थोडं थांबा नाना, इथं जरा—"

"राहू दे. डब्यात ठेव."

वहिनी टॉवेल घेऊन उभी होती. "वन्सं, वस्तरा हाय का खुरपं?" म्हणाली आणि हसली. नानाही हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. दोघं मिळून. तो साबण तिनं पुसला.

मी वस्तरा तेलाच्या फडक्यात गुंडाळला, फायली बांधायच्या पांढऱ्या फितीनं त्याला माझी दुहेरी गाठ मारली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा कपाटात वर ठेवला. "वस्तऱ्याला हात लावू नका," मी वहिनीला सांगितलं. "गंजतो."

"मी कशाला लावू बाई," ती म्हणाली.

घरी येऊन सरावाच्या वस्तऱ्याच्या धारेवर स्केचपेनची शाई लावून बघितली. दगडावर एकदा फिरवलं की जिथं दगड लागतो तिथली शाई जाते. शाई फक्त धारेच्या अगदी कडेची गेली. म्हणजे सरकपट्टी फार उंच. मी वस्तऱ्याची कुऱ्हाड करून ठेवली होती. वायरला गुंडाळायची काळी टेप एक पदर लावली, आणि शाई सगळीकडून सारखी गेली. एक पदर. एवढंच हवं होतं. टेप पातळ असते आणि घासून फाटते, तेव्हा मधूनमधून बदलायची, दोन्ही बाजूंना एकदमच. सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. हातावरचे केस सपासप उतरले. पुढच्या रविवारी नानांना परत विचारायचं ठरवलं. फोनवर त्यांना सांगितलंही. "ये. बघू," म्हणाले. बघू म्हणजे हो नव्हे, पण नाही पण नव्हे. तो संपूर्ण आठवडा मी त्या 'बघू'वर काढला.

रविवार यायच्या आधीच, दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन मी वसमतला फोन लावला. वहिनीनं उचलला. "थांबा वन्सं, हात गुंतलेत," म्हणाली आणि फोन बंद न करता कुठंतरी ठेवला. खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लांबून नानांचा आवाज.

"पाठ टेकव. हं. सोडू नको."

"अशी?"

"अशी. आता कूस. हळू. पाठीवरून."

"बराबर हाय का?"

"बराबर." आणि मग: "हात बसला तुझा."

मी फोन बंद केला. डब्याचं झाकण लावायचंही सुचेना. इतकी वर्षं पट्टा ताणून धरला, नाणी, काड्या, चिमटे, शाई, सगळं केलं, आणि नाना मला एकदाही असं म्हणाले नव्हते. जिला वस्तऱ्याकडे बघून भ्या वाटत होतं, जी कशाला हात लावणार नव्हती, तिचा हात बसला! माझी पाठ, माझी कूस, माझे शब्द तिला देऊन टाकले होते. गाठ कशी सोडली असेल? कात्रीनं कापली असणार. टेप लावली असेल का? तिला टेपचं कळलं असेल का? नसेल तर धार मोडली असणार. मोडली असावी, असं मला वाटलं, हे खरं.

अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि बसस्टँड गाठलं. औंढ्यापर्यंत उभी होते. पुढे जागा मिळाली, पण बसवेना. शेजारची बाई विचारत होती, "माहेरी का? कुणाचं काही बरं-वाईट?" मी म्हटलं, "न्हाई, दाढी करायचीय." तिनं आपली पिशवी जवळ ओढून घेतली. खिडकीतून शिजवलेल्या हळदीचा वास यायला लागला तशी वसमत आल्याचं कळलं. एरवी तो वास आला की मला गेलेल्या आईच्या हाताची आठवण येते. त्या दिवशी फक्त कुरुंदा आठवलं.

दार उघडंच होतं. वहिनी आतून म्हणाली, "कोण हाय? अगं बाई, वन्सं! आज काहून? शाळा बुडवली व्हय?"

मी सरळ कपाटाकडे गेले. स्टूल ओढलं, डबा काढला, उघडला. तेलकट फडकं होतं. पांढरी फीत होती. माझी दुहेरी गाठ, जशीच्या तशी.

डबा हातात घेऊन मी खोलीत आले. नाना डाव्या अंगावर होते, सदरा मानेपर्यंत वर केलेला, पाठ उघडी. कमरेच्या खाली, हाडावर, कातडी लालभडक झाली होती. रविवारी मी आले होते, औषधांच्या रिकाम्या पाकिटांचा हिशेब केला होता, वस्तऱ्याची गाठ मारली होती. ही लाली मला कुणी दाखवली नव्हती, आणि मी बघितली नव्हती.

"डॉक्टर म्हणले उताणं ठेवू नका, सारखी कूस बदला," वहिनी म्हणाली. "आता मी भारी बाई. धरलं की उचलून आपटायचे ह्यांना. वरडायचे. मग म्हणले, असं न्हाई, मी सांगतो तसं. पाठ टेकव, पाठ सोडू नको, पाठीवरूनच फिरव, धारेवर, म्हंजे खांद्यावर, जोर न्हाई. तसं केलं तर काय, लोण्यावानी फिरतात. कुठं शिकले नाना हे?"

"वस्तऱ्यावर," मी म्हटलं.

"आं?"

"काही नाही."

नाना भिंतीकडे तोंड करून होते. त्यांच्या पाठीला आधार होता जुन्या साड्यांचा. नुसतं बोचकं नव्हे. वहिनीनं साड्यांच्या घड्या एकावर एक, मागे जाड आणि पुढे निमुळत्या होत जातील अशा रचून वर सुती ओढणी घट्ट बांधली होती. नाना त्यावर ना उताणे ना पूर्ण कुशीवर, मधल्याच एका कोनात टेकले होते. खाली घसरत नव्हते. डुलत नव्हते.

"एक पदर काढ," नाना म्हणाले. "टोचतंय."

वहिनीनं हात घालून एक घडी काढली. "आता?"

"बराबर."

मी तिथे उभी राहिले. गाठ सुटलेली नव्हती, म्हणजे बसमधला राग जायला हवा होता. तो गेला नाही. वस्तरा तिनं घेतला असता तर मी भांडले असते, परत घेतला असता. हे कसं परत घ्यायचं?

"धार लावते," मी म्हटलं.

"आजच?" वहिनी म्हणाली. "रविवारी म्हणत होत्या ना."

"आजच. टेप आहे का घरात? वायरची, काळी."

टेप अर्थातच तिच्या खणात होती. मिक्सरच्या वायरला लावून उरलेली रीळ. तीही मला तिच्याकडून मागून घ्यावी लागली. निसणा भिजवला, खोलीच्या दारातच फडक्यावर ठेवला, म्हणजे नानांना ऐकू जाईल. पाठीवर एक पदर टेप लावली, अंगठ्यानं दाबून हवा काढली. शाई लावली. धार पुढे, पाठ टेकलेली, एक हात. कूस. परतीचा हात. कूस. सरकपट्टीनं केलेली कुऱ्हाड मोडायला वेळ लागला. वहिनी मध्येच चहा घेऊन आली, तो निवला.

"वाजतंय," नाना आतून म्हणाले.

"काय?"

"पाठ वाजतेय. पट्टी फाटली बघ."

उलटून बघितलं. टेपच्या मधोमध केसाएवढी चमकदार रेघ दिसत होती; लोखंड दगडाला लागत होतं. मला आवाजातला फरक कळला नव्हता. त्यांना पलंगावरून, भिंतीकडे तोंड करून कळला होता. टेप काढून नवी लावली. आवाज मऊ झाला. नाना काही बोलले नाहीत, म्हणजे चाललं होतं. शेवटी टेप काढून पातं पुसलं. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला आणि मग लक्षात आलं की दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं.

"द्या इकडं," वहिनी म्हणाली आणि माझ्या जागी उभी राहिली. घट्ट धरला तिनं. ढिला सोडला असता तर मला आवडलं असतं.

दाढी सुरू करेपर्यंत ऊन उतरलं. नाना तिरके टेकलेले, उजवा गाल वर. साबण लावला. पहिला हात ओढला, आणि यावेळी डोळा मिटला नाही. पात्याखाली ओल्या केसांचा बारीक करकर आवाज येत होता, तो मी लहानपणी रोज ऐकायचे. एक गाल स्वच्छ झाला. हनुवटीपर्यंत आले.

"कूस," नाना म्हणाले.

मी पातं पाठीवरून उलटलं. वहिनीनं नानांना उलटलं. दोघींनी एकदमच. तो शब्द कुणाला होता ते मी विचारलं नाही. वहिनी साड्यांचं बोचकं दुसऱ्या बाजूला सरकवत होती, आणि मला खात्री आहे की तिला प्रश्नच पडला नव्हता.

दुसरा गाल झाला. पाणी फिरवलं, तुरटी लावली. नानांनी डावा हात उचलला, गालावरून, मग हनुवटीखालून फिरवला, जिथं मशीन नेहमी खुंट ठेवायचं तिथं थांबवला. मी वाट बघत होते. दोनच शब्द हवे होते.

"बघ गं," ते वहिनीला म्हणाले, "कशी झाली."

वहिनीनं ओल्या हाताच्या मागच्या बाजूनं त्यांचा गाल चाचपला. "अगं बाई! लेकरावानी झाली की. वन्सं, मानलं बा तुमाला."

नाना हसले. तिच्याकडे बघून, पण गाल माझा होता.

निघताना वस्तरा परत तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि डब्यात ठेवला. फितीला यावेळी साधीच गाठ मारली. वहिनीनं कुरुंद्याच्या मळ्यातल्या नव्या हळदीची पुडी दिली, रस्त्यापर्यंत सोडायला आली. रविवारी लवकर या म्हणाली. नानांची दाढी परत वाढायच्या आत. बस लागलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. नाना रात्री नीट झोपले होते, लाली कमी दिसत होती, दोनदा गाल चाचपून झाले होते.

"आन् वन्सं, मिक्सरची वायर परत सुटली," ती म्हणाली. "टेपची रीळ बघून राहिले सकाळपासून. कुठं दिसली का तुमाला?"

"तिथंच असेल," मी म्हटलं. "नीट बघा."

रीळ माझ्या पर्समध्ये होती. रविवारी घेऊन जाईन.